चुन्याच्या रेघांवरून

कुंदाच्या बाराव्याला तिचा भाऊ हरेश्वर मांडवात उभा राहिला आणि हात जोडून म्हणाला, "आमची कुंदा फार शांत होती. कधी कुणाला उलटून बोलली नाय. सगळ्यांशी जुळवून घ्यायची."

समोर बसलेल्या बायकांनी माना हलवल्या. एकीने डोळ्यांना पदर लावला. माझ्या हातात चहाचा कप होता. तो मी खाली ठेवला, कारण ठेवला नसता तर फेकला गेला असता.

कुंदा शांत नव्हती. शिरगावपासून तारापूरपर्यंतच्या पट्ट्यात मला माहीत असलेली ती सगळ्यांत रागीट बाई होती. तिची वाडी, तिचं शेत, घराच्या मागच्या तिच्या दोन खोल्या, सगळं आता हरेश्वरचंच आहे. निदान तिचा राग तरी त्याने तिच्याकडे राहू द्यायला हवा होता. तोही तो गिळायला निघाला, म्हणून हे लिहिते आहे.

बोईसरच्या औद्योगिक वसाहतीतल्या एका कारखान्यात आम्ही दोघी नोकरीला होतो. मी हिशेबाच्या टेबलावर, ती तपासणी विभागात. पंपाचे दांडे आणि ते ज्यांत फिरतात ते बुश तिथे तयार व्हायचे आणि ते बाहेर जाण्याआधी तिच्या मापाखालून जायचे. उंच, काटकुळी, सावळी. प्रत्येक कुडत्याला स्वतः शिवून घेतलेला मोठा खिसा. नखं इतकी मुळापासून कापलेली की बघवायचं नाही. जेवण झालं की घरच्या वेलीचं विड्याचं एक पान नुसतंच चावत बसायची. आणि राग आला की चष्मा काढायची. मी एकदा विचारलं, असं का करतेस? म्हणाली, "चष्मा काढला की समोरचा पुसट दिसतो. मग बोलायला बरं पडतं."

त्यामुळे तिने चष्म्याला हात लावला की आमच्या जेवणाच्या खोलीत शांतता पसरायची. "चालतंय" हा शब्द तिच्यासमोर कुणी काढायचा नाही, आणि "अ‍ॅडजस्ट करा" हा तर मुळीच नाही. "अ‍ॅडजस्ट मशीनला करायचं," ती म्हणायची. "मी काय मशीन हाय?"

एकदा तिने नापास केलेल्या दांड्यांच्या पेट्यांवरची लाल चिठ्ठी मॅनेजरने परस्पर काढायला लावली आणि पेट्या ट्रकमध्ये चढू लागल्या. कुंदा जेवायला बसली होती. डबा तसाच हातात घेऊन खाली गेली आणि उरलेल्या पेटीवर बसून जेवू लागली. भाकरी आणि वालाची भाजी. हमाल बिचारे घुटमळत राहिले. "मैडम, उठिए ना, गाडी लेट हो रही है."

"गाडी को बोलो, मैडम खाना खाती है."

मॅनेजर स्वतः आला. थोडं समजून घ्या म्हणाला. कुंदाने डबा मांडीवर ठेवला, चष्मा काढला. "हा दांडा कुणाच्या तरी पंपात बसणार. तो पंप भर उन्हाळ्यात जाम झाला की तो माणूस शिव्या देणार. त्याला तुमचा फोन नंबर देऊ की माजा?" पेट्या उतरवल्या गेल्या. त्या वर्षी तिची बढतीही अडली. त्याचाही तिला राग होता, आणि तो तिने निवृत्तीच्या समारंभात, हार गळ्यात असताना, माईकवरून बोलून दाखवला.

तिने लग्न केलं नव्हतं. शिरगावला वडिलांच्या घरी राहायची. नारळ, सुपारी, पानवेली अशी वाडी, आणि पालघरजवळच्या माहीमच्या बाजूला भाताचं शेत. हरेश्वर विरारला स्थायिक झालेला. वडील अंथरुणाला खिळले ते वर्षानुवर्षं तसेच होते. त्यांचं सगळं कुंदाने केलं, नोकरी सांभाळून. हरेश्वर गणपतीला यायचा, वडिलांच्या पायाशी बसून फोटो काढून घ्यायचा आणि विसर्जन झालं की निघायचा. हरेश्वर माणूस वाईट नाही असं लोक म्हणतात. मी म्हणत नाही.

वडील गेले आणि काही महिन्यांतच एका रविवारी तो साडी, पेढे आणि कागद घेऊन आला. मी सुरण न्यायला तिच्याकडे गेले होते, म्हणून हे माझ्यासमोर घडलं.

"कुंदे, इथं एक सही कर."

"कसली?"

"सगळ्या भनी करतात ती. हक्कसोड."

"आणि सोडून मला काय?"

"तुला काय लागतंय गो? एकटा जीव. पगार हाय, पुढं पेन्शन येईल. घराचं दार तुला कायम उघडं हाय."

कुंदाने चष्मा काढला. "हे दार रोज रातीला कोण बंद करत होतं, दादा? बाबांना कुशीवर वळवून, त्यांचं मुतलेलं धुऊन झाल्यावर? तेवा तू कुठं होतास?"

"ते काय मी नाकारतोय का?"

"मग अर्धं दे. वाडी अर्धी, शेत अर्धं."

तो हसला. मला ते हसणं अजून दिसतं. लहान मुलीने चंद्र मागावा तसं त्याला वाटलं असणार. कुंदाने कागद घडी करून साडीत ठेवला, साडी त्याच्या हातात दिली आणि म्हणाली, "वयनीला दे. तिला शोभेल." पेढे तिने ठेवून घेतले. ते आम्ही दोघींनी रागारागाने खाल्ले.

तिची सही नाही म्हटल्यावर हरेश्वरला शेत विकता येईना. मुंबईचा एक प्लॉटवाला त्याच्या मागे होता. हरेश्वरने मग दुसरा डाव टाकला. गावात सांगून ठेवलं की कुंदाचं शेत कुणी नांगरून द्यायचं नाही. पडीक जमीन दाखवून तो गिऱ्हाइकाला म्हणणार, बघा, कसणारं कुणी नाहीच. गावातले ट्रॅक्टरवाले तिला म्हणाले, "ताय, तुमचं घरातलं भांडण. आमी मधी नाय पडत." ज्यांच्या पोरांच्या फिया तिने भरल्या होत्या तेही हेच म्हणाले. बोईसरहून एकाला बोलावलं, तो अर्ध्या वाटेतून फोन बंद करून मागे फिरला. बैलजोडी तर आता आमच्याकडे शोधूनही मिळत नाही.

"मधी नाय पडत," कुंदा माझ्यापुढे नक्कल करून दाखवायची. "मेले सगळे त्याच्याच बाजूला पडलेत, आणि म्हणे मधी नाय पडत!"

मग तिला छपरीतला ट्रॅक्टर आठवला.

तो वडिलांनी त्यांच्या तरुणपणी डहाणूच्या एका बागायतदाराकडून घेतलेला विलायती ट्रॅक्टर होता. पेट्रोलवर सुरू करायचा आणि गरम झाला की घासलेटवर चालवायचा. भोकं पाडलेली लोखंडी सीट, रंग केव्हाच उडालेला. कुंदा परकर-पोलक्यात असताना त्यावरच गाडी हाकायला शिकली होती. आता त्याच्या सीटखाली कोंबड्या अंडी घालत. हरेश्वरच्या लेखी ते भंगार होतं, म्हणून तो कुणी नेला नव्हता इतकंच.

पावसाळ्याआधी नांगरट व्हायला हवी होती आणि कारखान्याने तिला रजा दिली नाही. म्हणून तिने इंजिन पालघरच्या एका गॅरेजवाल्याकडे दिलं. ही चूक तिने आयुष्यभर स्वतःला ऐकवली. त्याने झटपट काम करून दिलं. मे महिन्याच्या शेवटी ट्रॅक्टर शेतात उतरला. बघायला अर्धं गाव बांधावर, हरेश्वरही. नांगराचं एक तास, म्हणजे एक रेघ, नीट निघालं, दुसऱ्या तासाला इंजिनात ठकठक सुरू झाली, मग लोखंड लोखंडावर घासल्याचा कर्कश आवाज, आणि ट्रॅक्टर जागच्या जागी थिजला. बांधावर हशा पिकला. हरेश्वर ओरडला, "कुंदे, भंगारवाल्याचा नंबर देऊ काय?"

कुंदाने दोर लावून ट्रॅक्टर घरी आणवला, इंजिन खालून उघडलं आणि आत बघितलं. इंजिनाचा मुख्य दांडा, ज्याला क्रँक म्हणतात, तो पांढऱ्या मऊ धातूच्या अस्तरात फिरतो. त्या अस्तराला खालून टोपी बसते, आणि दांडा आणि अस्तर यांच्यात केसाहून बारीक जागा सोडायची असते. त्या जागेत तेल राहतं. गॅरेजवाल्याने टोप्या कानशीने घासून घट्ट आवळल्या होत्या. तेलाला जागाच उरली नव्हती. अस्तर वितळून दांड्याला चिकटलं होतं.

त्यांतली एक टोपी खिशात घालून कुंदा गॅरेजात गेली. मी बरोबर होते.

"ही कुणी घासली?"

"मैडम, थोडा टाइट रखना पडता है. चलते चलते जगह बना लेता है."

"कोण बनवून घेतं जागा?" कुंदा मराठीतच ओरडली. "कुणी देत नाय जागा आपोआप! जळून जातं माणूस!"

त्या बिचाऱ्याला काही कळलं नाही. त्याला त्याच्या उस्तादाने तसंच शिकवलं असणार. कुंदाने त्याच्या बाकावरची कानस उचलली आणि बाहेरच्या गटारात फेकून दिली. रस्त्यावरची माणसं थांबून बघू लागली. मी तिला दंडाला धरून रिक्षात बसवलं. 

तो हंगाम गेला. शेतात गवत माजलं. पाऊस उघडला की हरेश्वर छत्री घेऊन प्लॉटवाल्याला तिथे फिरवताना दिसायचा. आणि इकडे छपरीत कुंदा इंजिन पुन्हा बांधत होती, आता स्वतः. क्रँक बोईसरला घासून गुळगुळीत करून आणली, अस्तर नवीन ओतून घेतलं. मग दांड्याला निळा रंग लावायचा, टोपी बसवून फिरवायचा, पुन्हा उघडायचा. जिथे निळं लागलं तिथे अस्तर उंच. तेवढंच धारदार पात्याने खरवडायचं. पुन्हा निळं, पुन्हा खरवडणं. तिच्या कोपरापर्यंत निळाई चढली होती. कारखान्यात पोरं विचारायची, मैडम, होली है क्या?

मला ती रविवारी बोलवायची, कारण तिचे डोळे आता बारीक बघायला दगा देत होते. एक मेणासारखा मऊ धागा मिळतो. तो दांड्यावर आडवा ठेवायचा, टोपी ठरलेल्या जोराने आवळायची आणि उघडायची. धागा चेपून चपटा झालेला असतो. तो जितका रुंद पसरला तितकी आत जागा कमी. सोबत मापाची कागदी पट्टी असते, तिच्यावरच्या रेघांशी धागा ताडून बघायचा. जागा कमी निघाली तर टोपीखाली पितळेचा कागदासारखा पातळ पत्रा वाढवायचा, जास्त निघाली तर एक काढायचा.

"काय दिसतंय?" ती विचारायची.

"दुसऱ्या रेघेएवढं. थोडं जास्त."

"थोडं म्हणजे?"

"थोडं म्हणजे थोडं, कुंदा!"

"निमे, तू हिशेबात थोडं लिहितेस काय? नीट बघ."

मी नीट बघायची. ती पत्रा काढायची, घालायची, पुन्हा धागा. एकेक टोपी अशी जमत गेली. मधली मात्र जमेना. धागा एका टोकाला रुंद आणि दुसऱ्या टोकाला अरुंद निघायचा. पत्रे घालून काही होईना. शेवटी कळलं की त्या गॅरेजवाल्याची कानस तिरपी चालली होती आणि टोपीची बैठकच वाकडी झाली होती. ती बैठक सपाट करून, अस्तर पुन्हा ओतून, सगळं पहिल्यापासून करायला हवं होतं.

कुंदाने हातातला पाना भिंतीवर मारला. कोंबड्या उडाल्या. "एका माणसाच्या दोन मिन्टांच्या आळसापायी!" ती ओरडत होती. "दोन मिन्टांच्या!"

मला तिची दया आली आणि मी तोंड उघडलं. "सोड ना आता. कर सही, तो देईल ते घे आणि मोकळी हो."

तिने चष्मा काढला. आयुष्यात पहिल्यांदाच माझ्यासाठी. "तू पण?" एवढंच म्हणाली. पुढे कितीतरी दिवस ती माझ्याशी बोलली नाही. कारखान्यात माझ्या टेबलावरून जाताना मान वळवायची. मलाही राग आला होता. मी तिच्या भल्याचंच बोलले होते, असं मला वाटायचं. तिचा राग प्रत्येक वेळी बरोबर जागी पडायचा असं काही नव्हतं, हेही लिहायला हवं. जो जवळ असेल त्याच्यावर पडायचा, आणि जवळ मीच होते.

मग नवरात्रात एके दिवशी जेवणाच्या सुट्टीत समोर येऊन बसली. डब्यातलं केळफूल माझ्या ताटलीत वाढलं. "रविवारी ये. चष्मा घेऊन ये."

मी गेले. मधली टोपी तिने उघडली. धागा दोन्ही टोकांना सारखा चेपला होता. मी पट्टी लावली, बघितलं, पुन्हा बघितलं. "दुसरी रेघ," मी म्हटलं. "बरोबर दुसरी." तिने माझ्या हातातून पट्टी घेतली, डोळ्यांपाशी नेली आणि तशीच उकिडवी बसून राहिली. हसली वगैरे नाही. नाक ओढलं, बाहीने पुसलं आणि नाकाला निळं लागलं.

दसऱ्यानंतर भाताची कापणी सगळीकडे सुरू झाली. कुंदाच्या शेतात कापायला काहीच नव्हतं. हरेश्वरने तिथलं गवत काढून घेतलं होतं आणि प्लॉटवाल्याच्या माणसांनी जमिनीवर चुन्याने रेघा मारल्या होत्या. इथे रस्ता, इथे एक प्लॉट, इथे दुसरा. कुंदाने रजा मागितली नाही. फोन करून फक्त कळवलं, मी येत नाय. मीही गेले नाही. आम्ही दोघी शेतात होतो.

ट्रॅक्टर सुरू झाला. धूर काढत, गुरगुरत बांधावरून आत आला. तिने नांगर खाली सोडला आणि अर्ध्या शेताच्या हिशेबाने पहिलं तास धरलं. सरळ, चुन्याच्या रेघांवरून. पांढरी रेघ पुढे दिसायची आणि मागे काळ्या ढेकळांत नाहीशी व्हायची. भातानंतर पेरायच्या वालाची तयारी होती ती.

हरेश्वर त्या दिवशी प्लॉटवाल्याबरोबर गावातच होता, तो धावत आला. प्लॉटवाला आपल्या गाडीत बसला होता, तोही उतरला. हरेश्वर ट्रॅक्टरच्या पुढ्यात जाऊन उभा राहिला.

"कुंदे, उतर खाली!"

"बाजूला हो."

"लाज नाय वाटत? गावापुढं भावाची इज्जत घालवतेस?"

"इज्जत? मी माजं शेत नांगरते. अर्ध्याच्या पलीकडं वीतभर गेले असेन तर मोजून घे. तुज्यासारखी सगळं खायला नाय बसले मी."

"बाबा असते तर..."

"बाबांचं नाव घेऊ नको!" तिचा आवाज माहीमपर्यंत गेला असेल. "बाबा शेवटाला मला आई म्हणून हाक मारायचे. तुजं नाव इचारायचे माज्याकडं, कोण तो येतो गणपतीला म्हणून! घेऊ नको नाव!"

हरेश्वरचा चेहरा पडला. तो बाजूला झाला नाही आणि तीही उतरली नाही. इंजिन चालूच होतं. मी कान लावून उभी होते. ठकठक नाही, खरखर नाही. उन्हात, जागच्या जागी, ते कितीतरी वेळ एकसारखं चालत राहिलं. बांधावर माणसं जमली होती, पण ह्या खेपेला हसत कुणी नव्हतं. शेवटी प्लॉटवाला म्हणाला, "पहले घर का मामला निपटाओ, हरेश्वरभाई," आणि गाडीत जाऊन बसला. गाडी वळली, निघून गेली. हरेश्वर एकटा तिथे उभा राहिला, आणि मग बांधावर चढला. कुंदाने तास पुढे धरलं.

गिऱ्हाईकच गेल्यावर हरेश्वरला वाटणीला तयार व्हावं लागलं. वकील, तलाठी, मोजणी, खेपांवर खेपा. प्रत्येक कचेरीत ती भांडली. पण अर्धी वाडी, घराच्या मागच्या दोन खोल्या आणि अर्धं शेत तिच्या नावावर चढलं. निवृत्तीनंतर तिने शेतात वाल केले, वांगी केली, मिरची केली. जे ट्रॅक्टरवाले मधे पडले नव्हते ते पुढे तिच्याकडे इंजिन दाखवायला यायचे. ती बघून द्यायची. शिव्या देत देत.

आणि एका सकाळी मागच्या दारात, पाण्याची कळशी हातात असताना, ती गेली. हृदय बंद पडलं म्हणाले डॉक्टर.

आता मी कुणावर रागावले आहे ते सांगते. हरेश्वरवर आहेच. पण कुंदावर जास्त. मृत्युपत्र कर म्हणून मी तिच्या किती मागे लागले होते! "मी काय मरायला टेकलेय का?" म्हणून माझ्यावर खेकसली. उद्या करू, वालाचा हंगाम होऊ दे, मग करू. ज्या बाईने केसाएवढ्या जागेसाठी सगळा पावसाळा छपरीत काढला, तिने हे सैल सोडलं. नवरा नाही, मूल नाही, कागद नाही. म्हणजे कायद्याने सगळं भावाचं. तिचं तेरावं होण्याआधी शेताच्या बांधावर प्लॉटचा फलक लागला. ट्रॅक्टर केळव्याच्या एका रिसॉर्टवाल्याने मागितला आहे, दाराशी ठेवायला. लोक त्यावर बसून फोटो काढतील. हे मी कुणाला सांगू? तिलाच सांगायला हवं होतं, आणि तिने असा आरडाओरडा केला असता की ऐकत राहावं.

ती मला शेवटची दिसली तो शनिवार होता. मी टमटममधून केळव्याला नातेवाइकांकडे निघाले होते. माहीमच्या पुढे रस्ता अरुंद होतो, दोन्ही बाजूंना वाड्यांची कुंपणं. पुढे मुंबईच्या गाड्यांची रांग लागली होती आणि सगळ्यांत पुढे शेणखताची ट्रॉली ओढत एक ट्रॅक्टर चालला होता. मागची पांढरी गाडी सारखा हॉर्न वाजवत होती. थांबायचंच नाव नाही.

ट्रॅक्टर थांबला. इंजिनही बंद झालं. कुंदा खाली उतरली, ओढणी कमरेला खोचली आणि त्या गाडीच्या काचेपाशी गेली. काय बोलली ते मला ऐकू आलं नाही. हात मात्र दिसत होते. एकदा रस्त्याकडे, एकदा वाड्यांकडे, एकदा त्या माणसाच्या पोटाकडे. मग ती ट्रॅक्टरच्या पुढे गेली, हँडल लावून इंजिन फिरवू लागली. मुळीच घाई न करता. मधेच थांबून घाम पुसला. गाडीतला माणूस उतरून मदतीला गेला, तर त्याला तिने हातानेच मागे हो म्हणून सांगितलं, आणि तो झाला.

"कोण गो ही बाय?" टमटमवाल्याने मला विचारलं.

मी उतरून हाक मारणार होते, पण तेवढ्यात इंजिन लागलं. ती वर चढून बसली आणि रस्त्याच्या बरोबर मधून, आधीच्याच संथ चालीने, निघाली. आम्ही सगळे मागोमाग निघालो. केळवे येईपर्यंत कुणी हॉर्न वाजवला नाही.